वाटणीत आलेलं कुलूप

गडहिंग्लज,
१७ सप्टेंबर २००५

चि. सौ. प्रेरणा,

आशीर्वाद. थोरल्या जावेनं पत्राच्या सुरुवातीला तो लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला. आत राग आहे तो आहेच.

फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि ते गप्प बसणं मला इथपर्यंत ऐकू येतं. पोस्टाने पाठवलं असतं, तर पाकिटावरचं अक्षर बघून तू ते तसंच फळीवर ठेवलं असतंस. म्हणून अव्वांच्या पिशवीत घालून देते. उद्या पौर्णिमा. वाटणीप्रमाणे उद्यापासून अमावस्येपर्यंत सासूबाई तुझ्या. चांदणं वाढतं तेव्हा माझ्या, उतरतं तेव्हा तुझ्या. ही पण काय वाटणी म्हणायची! पिशवी भरताना अव्वा मला म्हणाल्या, "तुमी मला दुभत्या म्हशीवाणी पाळीनं वाटून घेतलासा की गं." मी हसले. तू हसू नकोस.

आपलं दोघींचं दुकान कसं चाललंय, असं तू विचारणार नाहीस. तरी सांगते. बंद आहे. शटर रोज उघडते, झाडून घेते, 'बसवकृपा डीटीपी'च्या पाटीला फडकं मारते आणि खुर्चीवर बसते. भावजींनी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा धंदा काढला, तुम्ही घर हलवलंत, सगळं मान्य. वाटणी झाली, भांडी झाली, पितळी समई कुणाला यावर दोघी हसलो पण. मग मामंजी दुकानात आले. कॉम्प्युटर माझ्याकडे राहील म्हणाले, आणि त्याच्या पाठीमागे खोचलेलं ते काडेपेटीएवढं लॉक उपसून त्यांनी तुझ्या हातावर ठेवलं. "ह्ये धाकटीला. रिकाम्या हातानं कुणी जायाचं न्हाई." त्यांना तो सुटा भाग वाटला. तुला आणि मला पक्कं माहीत होतं की ते लॉक मागे लावल्याशिवाय मराठीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. तू मूठ मिटलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. थोरलीनं धाकटीकडे मागायचं का? नाही मागणार. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

तू कोल्हापुरात नवा कॉम्प्युटर घेऊन त्याला ते लॉक लावलंस आणि तुझं काम जोरात आहे, हे अव्वांकडून कळलं. चांगलं झालं. शेंगांची चटणी सोबत दिली आहे, ती भावजींसाठी.

वर्षाराणी

गडहिंग्लज,
५ ऑक्टोबर २००५

प्रेरणा,

आशीर्वाद गृहीत धर.

अव्वा परत आल्या. तू पत्र वाचलंस आणि परत घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवलंस, एवढी बातमी मिळाली. डब्याखाली का होईना, ठेवलंस. म्हणून हे पोस्टाने टाकते.

इथे परवा नाटक झालं. मामंजी दुकानात आले, कॉम्प्युटरवरचं फडकं उचललं आणि म्हणाले, "यंत्र तुझ्याकडं, जागा तुझ्याकडं, आन् तू माश्या मारत बसलीयास. काय कमी हाय?" मी आधी काहीच बोलणार नव्हते. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी सरळ सांगितलं की यंत्राचा जीव त्या डबीत होता आणि ती डबी तुम्ही धाकटीला दिलीत. ते स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हंजे हिरीची मोट एकाला आन् हीर दुसऱ्याला दिली म्हण की मी." मग एकदम चढ्या आवाजात, "मग तवाच तोंड का उघडलं न्हाई? दोघीबी उभ्या हुतासा की!"

यावर तुझ्याकडे उत्तर असलं तर मला कळव. 

चुकले म्हणून ते विरघळले असं समजू नकोस. मामंजींनी आपला गाळा एका खतवाल्याला भाड्याने द्यायचा शब्द दिलाय. मी हातापाया पडले नाही, भांडले. शेवटी म्हणाले, "तुळशीच्या लग्नापातुर एक लग्नाची पत्रिका भाईर काढून दाव. सगळी तुझ्या यंत्रावर. न्हाईतर तिथं युरियाची पोती लागतील." ह्यांना सांगितलं तर हे पेंडीच्या दुकानातून मान वर न करता म्हणाले, बापाच्या आणि बायकोच्या मध्ये मी पडत नाही. तुझे दीर असेच.

तर आता ऐक. नुसतं लॉक वेगळं विकत मिळत नाही, सगळं नव्याने घ्यावं लागतं. ह्यांचा एक मित्र लॉक तोडलेली चोरीची सीडी आणून देतो म्हणाला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. 'बसवकृपा' नाव लावून चोरीचं चालवायचं? मग एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर एक संगणकाचं मासिक दिसलं, त्याच्यासोबत तीन सीडी फुकट. लिनक्स म्हणतात त्याला. विंडोज काढायचं आणि ते घालायचं. ते कुणा एकाचं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं. हे सगळं कायदेशीर. आणि लॉक नाही! मी ते पान स्टॉलवर उभ्या उभ्या दोनदा वाचलं. त्यात मराठी आणि कानडी एकाच कागदावर टाइप होतं म्हणे. पत्रिकांसाठी तुझ्या माहेराहून, हुक्केरीहून, कानडी मजकूर छापून यायचा, तू तो कात्रीने कापून गोंदाने मराठीखाली चिकटवायचीस आणि तुझ्या बोटांना गोंद लागून सगळ्या कळा चिकट व्हायच्या. ते सगळं संपलं.

मी हे करणार आहे. दसऱ्याचा मुहूर्त धरलाय. तुला वाटेल अक्काला वेड लागलं, तर लागू दे.

वर्षाराणी

गडहिंग्लज,
१६ ऑक्टोबर २००५

प्रेरणा,

उद्या अव्वा तुझ्याकडे येतील. त्यांना काही विचारू नकोस. विचारलंस तर त्या रडतील, आणि यात त्यांचा दोष नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं पुजतात. ह्यांचा वजनकाटा, मामंजींची जुनी कुऱ्हाड, माझी शिलाई मशीन. दुसऱ्या दिवशी माझं मोठं काम म्हणून अव्वांनी तिन्ही सीडी पण पाटावर मांडल्या. मी आत पुरण वाटत होते. बाहेर येऊन बघते तर प्रत्येक सीडीवर विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, आणि सगळं चकाकत्या बाजूवर! मी ओरडले, "अव्वा, लिहिलेल्या बाजूला तरी लावायचं!" तर मला म्हणतात कशा, "चकाकती बाजू म्हंजे त्वांड की! पाठीला कोण इभूत लावतंय?"

मी फडकं आणायला धावले.

मी पुसल्या. ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने. आपली विभूती किती बारीक असते, तरी तिने चरे पडलेच. दसऱ्याला सकाळी वीज होती. नारळ फोडला, पहिली सीडी घातली. पहिल्याच पडद्यांमध्ये त्याने विचारलं की डिस्कचं काय करू, सगळी पुसू की काही ठेवू. माझी बोटं थांबली. विंडोज, ते मराठीचं सॉफ्टवेअर, आपल्या जुन्या पत्रिका, सगळं डिस्कच्या पहिल्या भागात. ते पुसायला सांगितलं. लॉकशिवाय त्यातलं एक अक्षर उघडत नव्हतं, जीव कशाला अडकवायचा? दुसऱ्या भागात तू काढलेल्या किनारी आहेत. बेलाची पानं, नंदी, केळीचे खुंट, सगळी चित्रं. तो भाग राहू दिला. चित्रांना लॉक लागत नाही म्हणून ठेवला, बाकी काही समजू नकोस.

पहिली सीडी पार पडली. दुसरी अर्ध्यात अडकली. आत घरघर व्हायची, थांबायची, पुन्हा घरघर. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. आता कॉम्प्युटरवर विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. चालू केला की काळा पडदा येतो आणि एक पांढरी रेघ लुकलुकत बसते. अव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्या काय बिघडीवलं का गं?" मी म्हटलं, नाही, लाइटचा घोळ आहे. तूही तेच सांग.

मासिकाचा तो अंक स्टँडवर संपलाय. संकेश्वरला विचारलं, बेळगावला जाणाऱ्याकडून विचारलं. नाही. मी तुझ्याकडे काही मागत नाही. कळवते फक्त. अंकावर पेंग्विन पक्ष्याचं चित्र आहे, सप्टेंबरचा.

तुळशीचं लग्न जवळ आलं. खतवाला काल गाळ्याची लांबी-रुंदी मोजून गेला. मी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं, म्हटलं नीट मोजा, मग हळहळायला बरं पडेल.

वर्षाक्का

गडहिंग्लज,
९ नोव्हेंबर २००५

प्रेरणा,

अव्वा दिवाळी करून आल्या. पिशवीत करंज्या होत्या, आणि करंज्यांच्या खाली बटर पेपरात गुंडाळलेली दुसरी सीडी. पत्र नाही, चिठ्ठी नाही. एक ओळ लिहिली असतीस तर हात झिजला असता काय?

अव्वांनी सांगितलं की तू तो अंक शोधत शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत उन्हातून फिरलीस, शेवटी कुणा कॉलेजातल्या मुलीच्या घरी जाऊन मागून आणलास. आणि अव्वांच्या हातात सीडी देताना त्यांना बजावलंस, "अव्वा, हिची पूजा मनातल्या मनात करायची." हे ऐकून मी इतकी हसले की डोळ्यात पाणी आलं. पाणी हसण्याचं होतं की नाही ते मला माहीत नाही. बरं वाटलं, प्रेरणा. फार बरं वाटलं. लिहूनच टाकते, नाहीतर हे पण माझ्याकडून राहून जाईल.

आता कामाचं. पहिल्या दिवशी निम्मं झालं आणि भारनियमनात वीज गेली. पहिल्यापासून सुरुवात. मग मी वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन रविवारी कधी जाते कधी येते ते विचारून आले, आणि तेवढ्या वेळात बसवलं. या वेळी दुसरी सीडी घातली आणि घरघर ऐकू येते का म्हणून कान देऊन बसले. थांबली नाही. मग तिसरी. मग ते स्वतःच बंद होऊन चालू झालं आणि माझं नाव विचारलं. मी 'अक्का' टाइप केलं. सवयीने गेलं, आता तेच राहू दे.

मराठी दिसतं. खरंच दिसतं! पण टाइप करायला बसले आणि तोंडचं पाणी पळालं. कळांची मांडणी सगळी वेगळी, आपल्या टाइपरायटरची नाही. जिथे 'क' असायचा तिथे भलतंच. तू नवी असताना चुकीची कळ दाबलीस की मी पट्टीने तुझ्या बोटांवर हळूच मारायचे. आता माझ्याच बोटांवर मारायला कुणी नाही. रोज शटर अर्धं खाली ओढून पहिलीतल्या पोरासारखी गिरवते आहे. ह्यांनी जेवताना विचारलं, ताटावर बोटं कसली आपटतेस. म्हटलं, सराव.

कानडीची अक्षरं मात्र येईनात, नुसते चौकोन दिसायचे. कॉलेजरोडच्या सायबर कॅफेत जाऊन, इंटरनेटवर ह्याच कामाची चर्चा करणाऱ्या लोकांना पत्र टाकलं. बंगळूरच्या कुणा एका माणसाने, ओळख ना पाळख, फॉन्ट पाठवला आणि तो कसा बसवायचा ते पायरी पायरीने लिहून दिलं. मी त्याला विचारलं, पावणं, तुमचं काय द्यायचं? त्याने लिहिलं, दुसऱ्या कुणाला अडलं तर तुम्ही सांगा. बस.

बटर पेपर जपून ठेवलाय. त्यावर तुझी नंदीची किनार फिकट छापलेली आहे. चुकून आली असेल.

अक्का

गडहिंग्लज,
१३ नोव्हेंबर २००५

प्रेरणा,

सोबतची पत्रिका आधी बघ, मग पुढे वाच.

बघितलीस? स्टँडसमोर भाजी विकणाऱ्या तानाबाईच्या लेकीचं लग्न आहे. जावई संकेश्वरचा. तिला पत्रिका मराठीत हवी आणि सोयऱ्यांसाठी खाली कानडीत. बाकीचे दुकानदार म्हणाले, कानडी बाहेरून आणावी लागेल, वेळ लागेल. मी म्हटलं, उद्या ने. म्हटलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण माझं कानडी तुला माहीत आहे. बोलते घडाघडा, वाचताना प्रत्येक अक्षराशी कुस्ती.

काल प्रिंट काढली आणि मामंजींपुढे ठेवली. ते कानडी शाळेत शिकलेत, हे या घरात सगळे विसरले होते. त्यांनी चष्मा पुसला. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, सगळं, सोयऱ्यांच्या नावांसकट. एका जागी थांबले, "हितं सुधार." सुधारलं. पुन्हा काढली. मग त्यांनी कागद उजेडाला धरला, तळवा फिरवला. "चिकटीवलेलं कुटं हाय?"

"चिकटवलेलं नाही, मामंजी. सगळं यंत्रातनंच."

"ओळ सरळ हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे काय ते तू जाणतेस.

मग त्यांची नजर वरच्या किनारीवर गेली. "ह्यो नंदी धाकटीचा न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग तिचं नाव घाल की खाली. दुसऱ्याच्या हातचं घेऊन गप बसायचं आसतंय व्हय?"

म्हणून तळाला बारीक अक्षरात आहे ते बघ. 'मांडणी : वर्षाराणी, नक्षी : प्रेरणा'. तुला न विचारता घातलं. रागावायचं असेल तर रागाव, पण तोंडाने, गप्प बसून नको.

आज संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, सगळं झालं. खतवाला मामंजींना भेटायला अंगणात आला होता. मामंजींनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाले, "पावणं, दुसरीकडं जागा बगा. गाळ्यात सुनंचं यंत्र चालू हाय." मी तुळशीमागे उभी होते. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात ताम्हण होतं.

अजून पाच जण पत्रिकेसाठी सांगून गेलेत.

अक्का

गडहिंग्लज,
३ डिसेंबर २००५

प्रेरणा,

काल अमावस्या संपवून अव्वा आल्या. दोन भाकऱ्या खाईपर्यंत गप्प होत्या. तिसऱ्या भाकरीला त्यांनी सगळं सांगितलं. अक्काला सांगायचं नाही म्हणून तू शपथ घातली होतीस, हे पण सांगितलं. अव्वांना शपथ घालायची नसते, एवढं इतक्या वर्षांत तुला कळायला हवं होतं.

तर तुझ्याकडे वीज जाऊन परत आली ती झटका देऊनच आली आणि लॉक जळलं. कॉम्प्युटर शाबूत, लॉक खलास. लग्नसराई भरात, गिऱ्हाइकांची आगाऊ कामं घेतलेली, आणि तू शटर ओढून आत बसतेस. भावजींना सांगतेस डोकं दुखतंय.

खरं सांगू? ऐकल्या ऐकल्या मला बरं वाटलं. वाटलं, आता कळेल, बंद दुकानात झाडू मारून बसणं काय असतं ते. घासभर वेळ वाटलं. मग हातातली भाकरी खाली ठेवली. तू उन्हातून सीडी शोधत फिरलीस तेव्हा तुझं लॉक चांगलं चालू होतं. तुला काही गरज नव्हती. तरी फिरलीस.

सकाळी उठून मी सायबर कॅफेत गेले आणि तिन्ही सीडींच्या प्रती काढून आणल्या. कानडीचा फॉन्ट, तुझ्या सगळ्या किनारी, तानाबाईची आणि त्यानंतरच्या सगळ्या पत्रिका वेगळ्या सीडीवर. मामंजी ओसरीवर बसून बघत होते.

"ही कुणाला?"

"धाकटीला."

"सगळंच दिलंस तर तुझ्याकडं काय ऱ्हायलं?"

"सगळं," मी म्हटलं. "तिला सगळं दिलं तरी माझ्याकडं सगळं राहतं, मामंजी. हे असंच आहे."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.  मग म्हणाले, "आसं कायतरी आसतंय ह्ये आमाला ठावं न्हवतं बग. आमी आपलं तोडूनच वाटत आलो." नंतर स्वतः उठून आतून धोतराचं जुनं मऊ फडकं आणून दिलं, सीडी गुंडाळायला.

तर आता मी सांगते तसं करायचं. गिऱ्हाइकांना सांग, काम होणार, कानडीसकट होणार. टेबलावरचं सगळं काढून ठेव. रविवारी तुमच्याकडे वीज कधी जाते ते मंडळात जाऊन विचारून ये. कळांची नवी मांडणी मी पाठ करून आले आहे, तुला शिकवीन. पट्टी बरोबर आणते आहे. ते जळलेलं लॉक फेकू नकोस, मामंजींनी मागितलंय. देव्हाऱ्यात ठेवणार की विहिरीत टाकणार, ते सांगत नाहीत.

मी शनिवारी, १० तारखेला, सकाळच्या गाडीने निघते. अव्वाही येतायत. पौर्णिमा अजून पुढं आहे आणि हिशेबाने त्या माझ्या आहेत, पण काल रात्री त्या म्हणाल्या, "मला आता चंद्र बगून कुटं जायाचं न्हाई," आणि पिशवी भरून बसल्या. सीडी मी माझ्याकडेच ठेवल्या आहेत, त्यांच्या हाताला लागू देणार नाही. विभूतीची डबी मात्र त्यांच्या कमरेला आहे.

स्टँडवर भावजींना पाठवू नकोस. तू ये.

तुझी,
अक्का